जिभेचे गाऱ्हाणे

दिवाळीत हात राबतात ते घरातल्या बायकांचे. जीभ मात्र घरातल्या सगळ्यांचीच राबते. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून जो फराळाच्या ताटापाशी बसतो, त्याच्या जिभेला भाऊबीज होईपर्यंत उसंत म्हणून नसते. चकलीचे काटे, चिवड्यातली तळलेली मिरची, लसणीची शेव, त्यावर वाफाळलेला चहा, दुपारी अननसाचा शिरा, रात्री पाहुण्यांबरोबर विडा. आणि मग पाडव्याच्या सुमारास घरातले कुणीतरी तोंड वेडेवाकडे करीत सांगते, "तोंड आलंय." त्यावर वडीलधाऱ्या माणसांचा निकाल ठरलेला असतो : "उष्णता झाली. गुलकंद खा."

'उष्णता' हा शब्द आपल्या घरांतून फार मोठा कारभार सांभाळतो. डोळे चुरचुरले, उष्णता. केस गळू लागले, उष्णता. मुलगा परीक्षेच्या आधी चिडचिड करू लागला, तरी तीच. गुलकंदावर माझा राग नाही. तो मी आवडीने खातो आणि त्यासाठी तोंड येण्याची वाटही पाहत नाही. पण मराठी शिकविणारा मनुष्य म्हणून मला या एका शब्दाची मक्तेदारी खटकते. जिभेला काय होते आहे हे सांगायला मराठीजवळ शब्दांची वाण नाही. जीभ खवखवते, चरचरते, झोंबते, पोळते, सोलवटते, हुळहुळते. यांतले एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. सुरणाने जीभ पोळत नाही आणि चहाने ती खवखवत नाही. गंमत अशी की प्रत्येक शब्दामागचे कारण वेगळे, आणि म्हणून उपायही वेगळा. दुखणेकऱ्याने क्रियापद बरोबर सांगितले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. तो बिचारा नाम सांगतो, आणि तेही चुकीचे.

खवखवण्यापासून सुरुवात करू, कारण त्यातला गुन्हेगार स्वयंपाकघरातच सापडतो. सुरण, अळू, अळकुड्या ही सगळी एकाच कुळातली मंडळी. यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे स्फटिक असतात, आणि ते साधे खड्यांसारखे नसून सुयांसारखे असतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या या सुया जुडग्याने बांधून ठेवल्यासारख्या असतात. सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाहीत, पण कच्चट राहिलेली फोड चावली की पेशी फुटते आणि सुया जिभेच्या व घशाच्या मऊ त्वचेत रुततात. खवखवणे म्हणजे हे अक्षरशः टोचणे आहे. कंदाला आणि पानाला जनावरांनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती तटबंदी. माणूस हे जनावर तेवढे चिवट निघाले!

आपल्या आज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, पण सुरण चिरताना त्या हाताला तेल नाही तर आमसुलाचे पाणी लावीत. अळूच्या भाजीत चिंच घालावयाची विसरली तर पंगतीत कुणाचे तरी तोंड उतरावयाचे. वडीच्या अळूला चिंचगूळ, सुरणाला आमसूल, ही केवळ चवीची बाब नव्हे. सुरणाचे पहिले पाणी टाकून द्यावे, फोडी अगदी मऊ शिजू द्याव्यात, आणि घाईच्या दिवशी सुरण करूच नये, हे तीन नियम पाळले तर खवखव सहसा होत नाही. झालीच, तर घटाघटा पाणी पिण्यात अर्थ नाही. त्या सुया पाण्यात विरघळत नाहीत. चिंचेचा कोळ किंवा आमसूल जिभेवर घोळवावे, वर दह्याचा किंवा तुपाचा घोट घ्यावा. तास-दोन तासांत जीभ ताळ्यावर येते. जीभ किंवा ओठ सुजू लागले, श्वासाला अडथळा वाटला, तर मात्र आमसूल शोधत बसू नये, सरळ इस्पितळ गाठावे.

ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांना इथे आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हिरव्या पानांवर पांढुरके शिंतोडे असलेले जे ऐटबाज झाड पुष्कळांकडे असते, त्या डायफेनबाकियाचे कूळ अळूचेच, आणि त्याच्या पानांतही याच सुया असतात. रांगत्या मुलाने पान चावले तर जीभ सुजून त्याला रडतादेखील येत नाही. झाड सुरेख आहे, पण घरात लहान मूल असेल तर ते उंच ठेवावे किंवा सरळ शेजाऱ्यांना भेट द्यावे. अर्थात शेजाऱ्यांकडेही मूल नसेल तरच.

अननसाचा प्रकार निराळा. ताज्या अननसाच्या चार चकत्या खाल्ल्या की जीभ चरचरते, जास्तच खाल्ल्या तर सोलवटते. आपण त्याचे खापर आंबटपणावर फोडतो. पण लिंबू काही कमी आंबट नाही, आणि लिंबाने जीभ अशी सोलवटत नाही. अननसात ब्रोमेलेन नावाचे द्रव्य असते आणि त्याचा धंदा प्रथिने तोडण्याचा. जिभेवरचा पातळ थरही प्रथिनांचाच. फळ शिजविले की या द्रव्याची शक्ती जाते; म्हणून अननसाचा शिरा कितीही खाल्ला तरी त्याचा त्रास पोटाला होईल, जिभेला होणार नाही. सोलवटलेल्या जिभेला औषध काही लागत नाही. दोन दिवस मऊ, सपक, कोमट असे खावे. जिभेची त्वचा फार लवकर भरून येते.

तिखट झोंबते, तेव्हा मात्र जिभेला प्रत्यक्ष इजा होत नसते. मिरचीतले कॅप्सेसीन हे द्रव्य जिभेच्या नसांवरच्या ज्या ग्राहीला जाऊन चिकटते, तिचे खरे काम उष्णता ओळखण्याचे. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता लागली की ती मेंदूला वर्दी देते. मिरची तिला फसविते, आणि थंडगार चिवडा खाऊनही मेंदूला 'भाजले, भाजले' असा निरोप जातो. ही ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखली गेली आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना व आर्डेम पटापुटियन यांना मिळून देण्यात आले. म्हणजे निदान या एका ठिकाणी आपल्या आजीचा 'उष्णता' हा शब्द स्टॉकहोमपर्यंत बरोबर ठरला!

उपाय म्हणून लोक पाण्याचा तांब्या उचलतात. कॅप्सेसीन पाण्यात विरघळत नाही. पाणी गिळले की झोंबणे पुन्हा हजर. दुधातले केसीन त्याला ओढून नेते. म्हणून मिरची लागलेल्या मुलाला दूध, दही किंवा साखर द्यावी. कोल्हापुरी जेवणानंतर वाटीभर दही का हवे, त्याचे हे शास्त्रीय कारण. तांबड्या रश्श्याला कारण लागत नाही.

इथे थोडे माझ्या धंद्याचे बोलतो. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तोवर आपला तिखटपणा मिऱ्यांवर आणि पिंपळीवर चालला होता. पण तिखट या चवीला आयुर्वेदात नाव आहे 'कटु', आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीने या शब्दांची पार उलटापालट केली : 'कटु'पासून आमचा 'कडू' झाला, आणि 'तीक्ष्ण'शी नाते सांगणाऱ्या 'तिखट'ने दुसरीकडे बस्तान बसविले. तेव्हा वैद्यांनी चिठीवर 'कटु रस वर्ज्य' असे लिहिले, तर मराठी माणूस कारले सोडून ठेचा खात बसण्याचा पुरेपूर संभव आहे. तोंड आलेल्यांनी वैद्यांना शब्दाचा अर्थ एकदा विचारून घ्यावा.

चहाने जीभ पोळते, त्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पोळल्याबरोबर गार पाण्याच्या चुळा भराव्यात. बर्फाचा खडा दाबून धरू नये. चार-सहा दिवस टोकाला चव लागत नाही, मग आपोआप लागते. एवढे मात्र सांगतो की बशीतून चहा पिण्याला गावंढळ म्हणून नाक मुरडणाऱ्या सुशिक्षितांनी थोडे नमते घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली असा निष्कर्ष काढला की ६५ अंशांहून अधिक गरम पेये पिण्याची सवय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होते. बशीत ओतलेला चहा चटकन निवतो. आपले आजोबा फुरके मारीत, पण जीभ आणि गळा दोन्ही सांभाळीत.

आता 'तोंड येणे'. परभाषेतल्या माणसाला "माझे तोंड आले" असे सांगितले तर तो विचारील, गेले कुठे होते? जिभेच्या कडेला, ओठाच्या आतल्या बाजूला पिवळसर-पांढरा, भोवती लाल कड असलेला लहानसा व्रण येतो. मिठाचा कण लागला तरी ब्रह्मांड आठवते. तो का येतो याचे एकच एक उत्तर नाही. कुणाला दाताखाली जीभ चावल्याने, कुणाला जागरणाने, कुणाला परीक्षेच्या धास्तीने; काही घराण्यांत तो नाकाच्या ठेवणीसारखा वारशाने चालतो. काहींना दंतमंजनात फेसासाठी घातलेल्या द्रव्याने वारंवार येतो, आणि मंजन बदलले की थांबतो. हा व्रण औषध न करताही सात ते चौदा दिवसांत बरा होतो. त्यामुळे आठव्या दिवशी ज्याने औषध दिले तो धन्वंतरी ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी ज्याने दिले तो वेंधळा.

तरी तेवढे दिवस सुखाचे जावेत म्हणून काही करावे हे योग्यच. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. मध लावावा, साजूक तूप लावावे. जाईची पाने चावून टाकणे हा जुना उपाय पुष्कळांना मानवतो. लवंगेचे तेल दातासाठी ठीक. सोलवटलेल्या जिभेला ते लावणे म्हणजे जखमेवर निखारा. आणि एक जुना उपाय आता सोडलाच पाहिजे : तान्ह्या बाळाच्या जिभेला मधातून टाकणखार चोळण्याचा. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर ते विष आहे, आणि एक वर्षाच्या आतल्या मुलाला मधदेखील देऊ नये. मधात कधी कधी असणारे जंतूंचे बीज त्या कोवळ्या आतड्यात रुजते आणि अंग लुळे पडण्याचा धोका असतो. आजीबाईंना हे सांगताना सुनेने स्वतः न सांगता डॉक्टरांकडून सांगवावे.

बाळाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर दिसला आणि तो पुसता निघून खाली लाल आग दिसली, तर तो बुरशीचा प्रकार. मधुमेहात, कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवल्याने, प्रतिजैविके पुष्कळ घेतल्याने तो होतो. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ न भरणाऱ्यांनाही होतो. याला औषध आहे आणि ते लवकर लागू पडते. जिभेवर नकाशासारखे लालपांढरे ठिगळ उमटून आठवड्या-पंधरवड्याने जागा बदलत असेल, तर ते दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी असते. त्याकडे पाहण्यापलीकडे काही करू नये.

इतका वेळ जे सांगितले ते सगळे घरच्या घरी मिटणारे. 'हुळहुळणे' हे तसे नव्हे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहिला आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरात एक काकू आहेत. वय साठीच्या पुढे, शुद्ध शाकाहारी, मधुमेहाच्या गोळ्या सात-आठ वर्षे चालू. गेली दिवाळी झाल्यापासून त्यांची जीभ बिघडली. घरात अर्थातच उष्णता ठरली. गुलकंद झाला, सब्जाचे बी झाले, मोरावळा झाला. हळूहळू काकूंनी आधी तिखट सोडले, मग आंबट, मग गरम. शेवटी गार दहीभात आणि तोही मिठाशिवाय. घरातले म्हणू लागले, "हिची वयाप्रमाणे चव गेली." काकू तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. पावसाळ्यात त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि अंधारात चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा मुलगा त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पायांसाठी, जिभेचा विषय सुनेने आपण होऊन काढला.

"काय होतंय काकू जिभेला?" डॉक्टरांनी विचारले.

"उष्णता आहे हो डॉक्टर. वर्ष होत आलं."

"उष्णता राहू द्या बाजूला. जीभ करते काय, ते सांगा."

काकू थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हुळहुळते. सगळी साल निघाल्यासारखी. गार भातसुद्धा नको वाटतो."

"बाहेर काढा बघू."

जीभ तांबडीलाल आणि गुळगुळीत होती. निरोगी जीभ मखमलीसारखी असते; तिच्यावर बारीक बारीक अंकुर असतात. काकूंच्या जिभेवरची ती मखमल पार झिजून गेली होती. रक्त तपासले, बी-१२ जीवनसत्त्व फारच खाली गेलेले. इंजेक्शने सुरू झाली. पंधरा-वीस दिवसांत काकू वरणभात गरम खाऊ लागल्या. पाय मात्र अजून पुरते सुधारलेले नाहीत. नसांचे काम धिमे असते, आणि उशीर फार झाला तर ते अपुरेच राहते. जीभ वर्षभर सांगत होती तेव्हा पायांचा प्रश्न उद्भवलाही नव्हता.

बी-१२ हे द्रव्य वनस्पतींत नसते. ते मिळते दुधादह्यातून, अंड्यांतून, मासळी-मटणातून. लागते किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दशलक्षांश भाग घेऊन त्याची दुप्पट-अडीचपट. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो. म्हणून उणीव सुरू झाल्याचे कुणाला कळत नाही, आणि साठा संपल्यावर दुखणे उभे राहते तेव्हा कारण कुणाला आठवत नाही. काकूंचे पाहा. दूध नातवंडांना, साय तुपासाठी, दही पाहुण्यांना, आणि स्वतःला बिनदुधाचा चहा. शिवाय मधुमेहावरची जी गोळी त्या घेत होत्या, ती मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ चे शोषण कमी होते. पित्तासाठी रोज सकाळी गोळी घेणाऱ्यांचेही तेच. अशा माणसांनी वर्षातून एकदा हे जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपल्या मध्यमवर्गीय शाकाहारी घरांत ज्या बाईचे ताट सगळ्यांच्या शेवटी वाढले जाते, तिच्या जिभेची चौकशी आधी करावयास हवी. जीभ फिकट, पांढुरकी आणि तशीच गुळगुळीत असेल तर लोहाची उणीव संभवते. तीही बायकांतच अधिक.

या हुळहुळण्याच्या शोधाशी मुंबईचे जुने नाते आहे, ते फारसे कुणी सांगत नाही. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईस आल्या. इथल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विलक्षण पांडुरोग होत असे. रक्त पाण्यासारखे व्हावयाचे, रक्तातल्या पेशी संख्येने घटून आकाराने फुगावयाच्या. अशा पांडुरोगात जीभही तांबडी आणि हुळहुळी होते. लोहाने तो हटत नसे. बाईंनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केले, या बायका काय खातात ते तपासले, माकडांवर प्रयोग केले, आणि १९३१ साली प्रसिद्ध केले की यीस्टचा अर्क दिल्याने हा पांडुरोग बरा होतो. हा अर्क म्हणजे विलायतेत पावाला लावून खातात ते स्वस्तातले मार्माइट! त्यात नेमके काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते; पुष्कळ दिवस त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल. आज गरोदर बाईला पहिल्याच भेटीत डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिचे मूळ गिरणगावातल्या अनाम बायकांच्या रक्तात आहे. बी-१२ वेगळे काढण्यात आले ते आणखी काही वर्षांनी, १९४८ साली.

हा इतिहास सांगण्याला व्यवहारातले कारण आहे. जीभ हुळहुळली की औषधांच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आपल्या आपण आणून खाण्याची पद्धत घरोघर आहे. त्यांतल्या पुष्कळांत फॉलिक आम्ल असते. बी-१२ ची उणीव असताना नुसते फॉलिक आम्ल पोटात जात राहिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. रोग झाकला जातो, जात नाही. आणि आठ दिवस गोळ्या खाऊन मग रक्त तपासले तर आकडाही फसवा येतो. म्हणून आधी तपासणी आणि मग गोळी. उलटा क्रम घेतला तर औषधाचे पैसे जातात, ते निराळेच.

क्वचित असे होते की जिभेची आग आग होते, डॉक्टर पाहतात तर जीभ अगदी निरोगी, रक्तही निर्दोष. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हे अधिक आढळते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. अशा वेळी घरातले आणि कधी कधी डॉक्टरही "मनाचे खेळ" म्हणून मोकळे होतात. हा खेळ नव्हे. जिभेच्या संवेदना वाहणाऱ्या नसांतच हा बिघाड असतो असे आता मानले जाते, आणि त्याला नाव आहे, औषधेही आहेत, जरी ती सगळ्यांना सारखी लागू पडत नसली तरी. आग होते आहे असे बाई सांगते, तेव्हा ती होते आहे.

राहिला विडा. चुना जास्त झाला की जीभ भाजते, ते सगळ्यांना ठाऊक आहे; चुना हा अल्कच, तो त्वचा जाळणारच. त्याची भीती नाही. भीती सुपारीची. दिवाळीतल्या एका विड्याने काही होत नाही, पण खिशात सुपारीची डबी बाळगणारा माणूस एके दिवशी म्हणतो की रोजचे वरणसुद्धा झोंबू लागले. तिखट घालणारा हात बदललेला नसताना काल न झोंबणारे आज झोंबू लागले, तर ते तिखटाचे काम नव्हे. गालाच्या आतली त्वचा घट्ट, पांढरट होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांत हा रोग प्रथम वर्णिला. पुढे सुपारी हेच त्याचे मुख्य कारण ठरले, आणि २००४ पासून सुपारी, तंबाखू नसलेलीसुद्धा, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणली जाते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारीची डबी आणि मशेरीची डबी यांच्यावर बंदी घालणारा कायदा घरातच करावा लागतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावे. जात नसतील तर सुपारी त्याच दिवशी थांबवावी आणि तोंड दाखवावे. एकदा घट्ट झालेले तोंड पूर्ववत होणे फार कठीण.

खवखवणारी, झोंबणारी, हुळहुळणारी जीभ निदान बोलून दाखवते. जिभेच्या कडेला आलेला, मुळीच न दुखणारा व्रण बोलत नाही, आणि माणूस न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्याची पायरी चढत नाही. जिभेवरचा कोणताही व्रण, दुखरा असो वा नसो, दोन आठवड्यांत भरून आला नाही तर तो डॉक्टरांना दाखवावाच. कठीण लागणारी गाठ, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा यांनाही तोच नियम. मुंबईतले टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करते आहे, पण आधी घराजवळचे दातांचे डॉक्टर पुरतात. पुष्कळदा कारण इतकेच निघते की तुटक्या दाढेची धार रोज त्याच जागी घासते आहे. ती धार घासून गुळगुळीत केली की व्रण आपोआप भरतो. भरला नाही, तर तिथला लहानसा तुकडा काढून तपासतात. लवकर सापडलेला कर्करोग बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.

घरातल्या मोठ्या माणसांची जीभ पाहावयाची ती खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. आधी वरून, मग टोक टाळ्याला लावून खालून. बाजू पाहताना टोक स्वच्छ रुमालात धरून जीभ हलकेच एकीकडे घ्यावी, मग दुसरीकडे. मागच्या दाढांजवळची कड मुद्दाम पाहावी, कारण ती आरशात सहसा दिसत नाही. कवळी असेल तर काढून ठेवावी. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम आहे, आणि रात्री करावयाचे झाले तर मोबाइलचा दिवाही पुरतो.